ज्यांनी सांगितलं, त्यांच्या हाती

माणसाच्या मनावर केलेलं संशोधन नेमकं कुणाला सांगायचं, हे मला शिकत असताना कुणी विचारलं नव्हतं. नमुना किती घ्यायचा, चाचणी कोणती लावायची, आकडेमोड कशी करायची, हे सगळं नीट शिकवलं गेलं. प्रकाशन हा शेवटचा टप्पा, तो काय होऊनच जातो, असं धरलेलं होतं. सोनपेठ तालुक्यात समुपदेशनाचं काम करता करता कळत गेलं की सगळ्यात अवघड भाग तिथूनच सुरू होतो. काय छापायचं, काय झाकायचं, कुठे द्यायचं आणि छापून आल्यावर ते कुणाच्या हातात ठेवायचं, यावर माझ्या कामाची बरीच वर्षं गेली आहेत.

सोनपेठ हा परभणी जिल्ह्याचा बीडच्या हद्दीला लागून असलेला लहान तालुका. कापूस, सोयाबीन, तूर. गोदाकाठच्या आणि पाण्याच्या गावांत ऊस. मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर माणूस परभणी नाहीतर अंबाजोगाईची वाट धरतो, तीही फार उशिरा. आधी देवऋषी होतो, मग गोळी-इंजेक्शन होतं आणि तरी ‘जीव घाबरा होतो’ थांबत नाही तेव्हा कुणीतरी आमच्याकडे पाठवतं. या भागातल्या मनांबद्दल लिहिलेलं फार थोडं सापडतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. जिथे ते झालं तिथे नैराश्यासारख्या आजारांत १०० पैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असं दिसलं. आपल्याकडे चित्र काय आहे, हे सांगायला आपलीच लहान लहान संशोधनं हवीत. म्हणून तर ती कशी केली जातात आणि कशी छापली जातात याला एवढं महत्त्व आहे.

शेतकरी आत्महत्येनंतर घरात मागे राहिलेल्या बायकांच्या मनःस्थितीवर मी काम सुरू केलं, तेव्हाची गोष्ट. अशा घरात आमच्याआधी किती जण येऊन गेलेले असतात! पोलीस, तलाठी, तहसीलची माणसं, वार्ताहर, एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते, समाजकार्य शिकणारी मुलं. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच. जमीन किती, कर्ज किती, बँकेचं की सावकाराचं, घरात भांडण होतं का, पिण्याची सवय होती का. बाईने उत्तरं इतक्यांदा दिलेली असतात की ती तिच्या तोंडून सपाट आवाजात, ओळीने बाहेर पडतात. तिच्या आवाजात काही उरलेलं नाही, असं वाटावं इतकी.

अशा एका घरात मी संमतिपत्र वाचून दाखवलं. सहभाग ऐच्छिक आहे, कधीही थांबू शकता, नाव कुठे येणार नाही, वगैरे. सासू भिंतीला टेकून ऐकत होती. वाचून झाल्यावर सुनेने पेन हातात घेतलं आणि विचारलं, “मॅडम, यावर सही केल्यावर आमचं पात्रमधी येतंय का?”

शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात सरकारी मदत मिळते १ लाख रुपये, आणि त्याआधी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते. हिचं प्रकरण लटकलेलं होतं. दारात फाईल घेऊन आलेली प्रत्येक शिकलेली बाई तिला त्या एक लाखाशी जोडलेली वाटत होती, आणि वाटणारच. तिने सही केली असती, सगळं सांगितलंही असतं. फक्त ती संमती नसती. मी कागद पिशवीत ठेवला. सासूलाही जवळ बोलावलं आणि दोघींना सांगितलं की या कागदाचा आणि मदतीचा काडीचा संबंध नाही, मी सरकारकडून आलेले नाही, माझ्याशी बोललात तरी तेवढंच आणि नाही बोललात तरी तेवढंच. मग तहसीलमध्ये कुणाला भेटायचं, कोणते कागद लागतात, एवढं बोलून उठले. प्रकरणाचा निकाल लागल्यावर पुन्हा गेले. तेव्हा ती बोलली, आणि सपाट आवाजात नाही बोलली.

त्यानंतर मी संमती दोनदा घ्यायला लागले. एकदा बोलण्याआधी, आणि दुसऱ्यांदा लिहून झाल्यावर. जे छापणार आहे ते त्या व्यक्तीला मराठीत वाचून दाखवायचं आणि विचारायचं, हे जाऊ द्यायचं का? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये संमती ही एका सहीपुरती गोष्ट नसून चालू राहणारी प्रक्रिया आहे, असं म्हटलेलं आहे. ते वाक्य मी आधीही वाचलं होतं. त्याचा अर्थ मला त्या घराच्या ओसरीवर उमगला.

दुसऱ्या वाचनाची किंमत मोजावी लागते. एका बाईने तिच्या सासरबद्दल एक वाक्य बोलून दाखवलं होतं. सगळ्या लेखाचा गाभा त्या वाक्यात होता. वाचून दाखवताना ती म्हणाली, “हे काढा. खरं हाय, पण काढा.” मी काढलं. पुढे नियतकालिकाच्या परीक्षकाने शेरा मारला की मांडणी चांगली आहे, पण सहभागी व्यक्तींचे थेट बोल कमी पडतात. मी संपादकांना लिहिलं की बोल आहेत, ते छापायची परवानगी नाही. त्यांनी ते मान्य केलं. पुष्कळदा संपादक आपल्याला वाटतात त्यापेक्षा समजूतदार असतात. त्यांना कारण सरळ लिहून कळवावं लागतं, एवढंच.

नाव बदललं की ओळख झाकली जाते, हा समज मोठ्या शहरात कदाचित चालून जात असेल. तालुक्याच्या ठिकाणी चालत नाही. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी एकदा मोबाइलवर उघडलेला एक शोधनिबंध घेऊन आली. कुणीतरी बाहेरच्या संशोधकाने आमच्या भागात येऊन केलेला होता, चांगला मन लावून केलेला होता. त्यात एका बाईची हकिगत होती. वय, मुली किती, थोरल्या मुलीचं अपंगत्व, नवऱ्याचा धंदा, गाव तालुक्यापासून किती अंतरावर, घर कोणत्या देवळासमोर. नाव तेवढं बदललेलं. मुलगी म्हणाली, “मॅडम, ही माझी मावशी आहे.” पुढच्या परिच्छेदात ती मावशी विहिरीपर्यंत जाऊन परत आल्याचं लिहिलं होतं. घरात ते कुणालाही ठाऊक नव्हतं.

त्या मुलीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तिला वाईट वाटलं होतं ते मावशीच्या दुःखाचं, आणि त्याहून जास्त, आपल्याला ते असं कळल्याचं. आम्ही लेखकाला सविस्तर पत्र लिहिलं, मावशीचा उल्लेख त्यातही टाळून. उत्तर आलं, दिलगिरी आली आणि काही काळाने मजकुरातले तपशील बदलले गेले. मधल्या काळात तो लेख जगात कुणालाही, गावातल्या कुणालाही, एका बोटाने उघडता येत होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ माणसाच्या आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्क त्याला देतो. पण गुप्तता मोडायला नाव लागतच नाही. दोन मुली, एक व्यवसाय आणि एक देऊळ पुरतं.

आता मी हकिगत लिहिताना व्यवसाय बदलते, मुलांची संख्या बदलते, गावाची दिशा बदलते, दोन-तीन जणांच्या अनुभवातून एक हकिगत बांधते आणि तसं केल्याचं लेखात स्पष्ट सांगते. पाठवण्याआधी ती तालुका नीट ओळखणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला वाचायला देते आणि एकच विचारते, यातलं कुणी ओळखू येतंय का? तो जराही थबकला तर पुन्हा लिहिते.

आता प्रकाशनाच्या दुसऱ्या बाजूबद्दल, जिच्याबद्दल आमच्या क्षेत्रात कुजबुज फार आणि उघड बोलणं थोडं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या निवडीला आणि बढतीला गुणांकाची पद्धत लावली आणि शोधनिबंधाला गुण मिळू लागले. २०१६ च्या नियमांतही पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून आणणं सक्तीचं होतं. ती अट २०२२ मध्ये गेली. मधल्या वर्षांत काय उगवलं ते मराठवाड्यातल्या कुठल्याही महाविद्यालयातल्या शिक्षकाला विचारा. मोबाइलवर निरोप यायचे: निबंध पाठवा, तीन दिवसांत छापून मिळेल, आयएसएसएन क्रमांक आहे, प्रमाणपत्र सोबत, शुल्क इतकं. परीक्षण नाही, दुरुस्ती नाही. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतही अशी नियतकालिकं शिरली होती. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या यादीतली, विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली १,००९ नियतकालिकं तपासली आणि ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असल्याचं ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली मांडलं. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. मग पुण्याच्या विद्यापीठाकडे काम देऊन ‘यूजीसी-केअर’ यादी झाली, आणि २०२४ मध्ये तीही बंद करायचं ठरलं. आता नियतकालिक चांगलं की वाईट हे संस्थेने आणि लेखकाने आपल्या विवेकाने ठरवायचं आहे.

यात पैसे जातात, नोकऱ्या अडतात, हे झालंच. मला जास्त लागतं ते वेगळं. एका तरुण शिक्षकाने ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांवर फार कष्टाने माहिती गोळा केली होती. आजी-आजोबांजवळ ठेवलेली मुलं आणि आई-बापाबरोबर फडावर गेलेली मुलं, यांच्यातला फरक. असं काम इथे राहणाराच करू शकतो. बढतीची तारीख जवळ आली म्हणून त्याने ते अशाच एका ठिकाणी दिलं. तक्ते उलटसुलट छापले, दोन पानं गळाली, आणि आता ते नियतकालिकाचं संकेतस्थळही उघडत नाही. एकदा छापलेलं म्हणून दुसरीकडे देता येत नाही. त्या मुलांनी सांगितलेलं सगळं असं वाया गेलं. आणि उलटही घडतं. अमुक सत्रांत नैराश्य पूर्ण बरं होतं, असा कुणी न तपासलेला दावा छापून येतो, तो कार्यशाळेच्या पत्रकावर चढतो, आणि गोळ्या चालू असलेला माणूस तो वाचून गोळ्या सोडतो. समुपदेशनाच्या क्षेत्रात खोटा निबंध निरुपद्रवी नसतो.

चांगलं काम कसं जगासमोर ठेवावं याचं उदाहरण फार लांब शोधावं लागत नाही. गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर एक चाचणी घेतली. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. प्रशिक्षण दिलेली, तिथलीच साधी माणसं होती, आणि भर होता तो माणसाला पुन्हा हळूहळू कामाला, बोलण्या-चालण्याला लावण्यावर. नेहमीच्या उपचारापेक्षा फरक स्पष्ट पडला. हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं, कुणालाही फुकट वाचता येईल असं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उपचाराची पुस्तिकाही त्यांनी खुली ठेवली. मी ती सोनपेठला बसून उतरवून घेतली आणि तिच्यातली सत्रांची आखणी आमच्याकडे वापरून पाहिली. २०१७ मध्येच डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांतल्या ‘विश्राम’ प्रकल्पाचे निष्कर्ष मांडले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचलेल्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. कापसाचाच मुलूख, आमच्यासारखीच माणसं. हा आकडा मी आरोग्य खात्याच्या बैठकीत ठेवला तेव्हा खुर्च्यांवरची माणसं पुढे सरकली. निष्कर्ष खुला असला की तो असा दुसऱ्या तालुक्याच्या कामी येतो.

फसलेलं कामही सांगावं लागतं, आणि ते छापून आणणं सगळ्यात कठीण. दहावीच्या परीक्षेची धास्ती कमी व्हावी म्हणून आम्ही काही शाळांत श्वसन आणि शिथिलीकरणाचा कार्यक्रम घेतला. शेवटी मोजमाप केलं तर धास्ती कमी झाली होती खरी. पण ज्या वर्गांना आम्ही काहीच शिकवलं नव्हतं, फक्त तो तास मैदानावर खेळायला सोडलं होतं, तिथेही तितकीच कमी झाली होती. म्हणजे आमच्या कार्यक्रमाने वेगळं काही साधलं नाही. नियतकालिकांना ‘फरक पडला नाही’ हे वाक्य आवडत नाही. दोन ठिकाणांहून नकार आला. मग आम्ही तो मजकूर, सगळ्या आकड्यांसकट, मानसशास्त्राच्या एका खुल्या संग्रहात ठेवून दिला. आणि मुख्याध्यापकांच्या सभेत जाऊन सांगितलं की दहावीच्या मुलांचा खेळाचा तास काढून घेऊ नका. एका मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे वेळापत्रक मागवलं. माझ्या आजवरच्या कामात याहून थेट उपयोगाला आलेला निष्कर्ष मला आठवत नाही.

आता पद्धत अशी पडली आहे. इंग्रजीतला निबंध नियतकालिकाकडे जातो, आणि त्याच वेळी मराठीतला एक कागद तयार होतो. दोन्ही बाजूंनी छापलेला, मोठ्या अक्षरात. काय विचारलं, कुणाला विचारलं, काय दिसलं, काय समजलं नाही, आणि आता काय करता येईल. खाली टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक, १४४१६. तो कागद आधी आशाताईंच्या बैठकीत वाचला जातो, मग बचत गटात, जमलं तर ग्रामसभेत.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांवरचं काम असंच एका बचत गटात वाचलं. पावसाळ्याच्या शेवटी, टोळ्या निघायच्या आधी, या बायकांमध्ये अस्वस्थता वाढलेली दिसत होती. लेकरांपासून दूर जाण्याची चिंता, असं आम्ही मांडलं होतं. बायकांनी मान डोलावली. मग मागे बसलेली एक मावशी म्हणाली, “लेकरांचं हायच. पण पोरगी मोठी झालेली असली की झोप लागत नाही. ठिवावं कुणाजवळ? म्हणून तर पोरी उजवून टाकतेत.” मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागते, घरी वयात आलेल्या मुलीजवळ कुणी नसतं, मग अठराच्या आत लग्न. या एका वाक्यातून कितीतरी बायका बोलत्या झाल्या. कुणी आपलंच लग्न कसं झालं ते सांगितलं, कुणी लेकीचं मोडलं कसं ते. निबंध अजून परीक्षकांकडे होता. चर्चेचा भाग आम्ही नव्याने लिहिला, आणि ‘सहभागी स्त्रियांच्या सामूहिक वाचनातून’ असा उल्लेख त्यात घातला. परीक्षकांनी नेमक्या त्याच भागाचं कौतुक केलं. पण मला मोलाचं वाटतं ते हे की पुढच्या हंगामाआधी त्या गटाने मुलींना वसतिगृहात ठेवण्याचे अर्ज आपणहून भरले.

असं ज्ञान मराठीत लोकांपर्यंत आणण्याची आपली परंपरा जुनी आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवलं, लोकांचा रोष आणि खटले पत्करून. ठाण्याच्या ‘आयपीएच’ने, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेल्या संस्थेने, मनाच्या आजारांबद्दल घरातल्या माणसाला कळेल असं बोलणं मराठीत रुळवलं. आम्ही तालुक्यातली माणसं तेच काम लहान प्रमाणावर, आपापल्या आकड्यांनिशी करू शकतो. त्यासाठी अनुदान लागत नाही. एक कागद छापायचा खर्च येतो आणि एक संध्याकाळ जाते.

माझ्या क्षेत्रातल्या तरुण मित्र-मैत्रिणींना मागणं एवढंच आहे. निबंध देण्याआधी त्या नियतकालिकातले मागचे पाच-सहा निबंध वाचा. ते वाचवत नसतील तर आपला तिथे देऊ नका. सही घेतलेल्या प्रत्येक गावात मराठी कागद परत न्या. आणि जे संशोधक नाहीत, ज्यांच्या दारात उद्या कुणी प्रश्नावली घेऊन येईल, त्यांनाही सांगणं आहे: सही करण्याआधी विचारा, हे कुठे छापणार, त्यात मी ओळखू येईन का, आणि काय निघालं ते आम्हाला सांगायला परत कधी येणार? तारीख मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.